कयाकच्या मागच्या जागेवरून

ज्या धरणावर आम्ही राहिलो त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या लोकांनीच तसं सांगितलं आहे. नाव छापून आलं की नागपूरचे लोक गाडीत स्पीकर घालून येतात, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. केळझरचा गणपती मागे टाकून जंगलाच्या बाजूला निघालं की लहानमोठी धरणं लागतात. त्यांतलं कुठलंही समजा. पोळा होऊन गेला होता, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं, एवढं पुरे.

मी हिंगणघाटची. आमचं कापडाचं दुकान आहे आणि आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, नोकरी पुण्यात, पोहणं आलं ते क्लोरीनच्या पाण्यात. मासे धरायला जाणाऱ्यांत माझं नाव कुणी सुचवलं नसतं. ते सुचवलं श्वेताताईने, तेही थेट कॅनडाहून.

श्वेताताई माझ्या मामाची एकुलती मुलगी. मामा मूळचा सेलूकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. तरुणपणीच तो कॅनडाला गेला आणि तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर एका लहानशा गावात घर करून राहिला. तिथे त्याला कयाकचा नाद लागला. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. तिच्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने ती चालवायची. अशा होडीतून मामा सॅल्मन धरायचा. चमच्यासारखा एक चकचकीत पत्रा, त्याला गळ, हे दोरीला बांधून होडीच्या मागे सोडायचं आणि हळूहळू वल्हवत राहायचं. पत्रा पाण्यात लचकत येतो, जखमी मासोळीसारखा दिसतो आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. या पद्धतीला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. एका जागी गळ टाकून बसायचं नाही, ओढत फिरायचं.

गेल्या वर्षी मामाला लकव्याचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, डावा हात पुरता परत आला नाही. मामी त्याच्या आधीच गेलेली. श्वेताताईचं म्हणणं, समुद्राकाठचं घर विकून बाबांनी शहरात माझ्याकडे यावं. मामाचं म्हणणं, माझा मासा मी अजून धरू शकतो, तेव्हा माझ्या घरात मी राहू शकतो. बरेच महिने भांडून दोघांनी एक ठरवलं. वल्हवायला मागे कुणी बसलं तर चालेल, पण मासा मामाने स्वतःच्या हाताने ओढून, गळातून सोडवून, होडीत घेऊन दाखवायचा. जमलं तर घर राहील, नाही तर विकायचं. पण तिकडच्या पाण्यावर डॉक्टर त्याला जाऊ देईनात. तिथे माणूस पडला तर बुडण्याआधी गारठून जातो. म्हणून मामाने परीक्षेसाठी आपल्या जिल्ह्यातलं कोमट पाणी निवडलं आणि घडी घातलेली, हवा भरायची, दोन माणसांची कयाक विमानात घालून तो आला.

मग श्वेताताईचा मला फोन. मागे तू बस, म्हणाली, आणि व्हिडिओ काढ. बाबा काहीही सांगतील. तू कुणाची बाजू घेत नाहीस, म्हणून तू. हे कौतुक होतं की काय, मला कळलं नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला जास्त शब्द लागतात.

केळझर, एकाच दिवसात दोनदा

आईने बजावलं होतं, जाताना गणपतीचं दर्शन घ्या. मामाला पाण्याची घाई. येताना घेऊ, असं म्हणून त्याने टेकडीकडे बघून हात जोडले आणि गाडी पुढे काढायला लावली.

धरणाकाठच्या गावात आमची सोय गुलाबभाऊंकडे होती. ते ढिवर, मासेमारांच्या संस्थेचे जुने सभासद. संस्थेने परवानगी दिली होती ती एका अटीवर, की आमच्या एका जेवणापुरता मासा आमचा, बाकीचा संस्थेचा. गुलाबभाऊ उंच, बोलके, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम. कयाकची घडी उलगडून आम्ही पायाच्या पंपाने हवा भरायला लागलो तेव्हा अर्धं गाव जमलं. मला अशा वेळी हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. सुदैवाने पाय पंपावर होता.

"हे नाव हाय का गादी?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"बसून पाहा," मामा म्हणाला. कॅनडात इतकी वर्षं राहून मामाची वऱ्हाडी तो गेला त्या साली होती तशीच राहिली आहे. आमच्या हिंगणघाटात आता कुणी वापरत नाही असे शब्द त्याच्या तोंडून सहज येतात आणि म्हातारी माणसं चमकून बघतात.

कयाक भरून टणक झाली. आम्ही ती उचलून पाण्याकडे नेली. काठाजवळ दम लागला म्हणून खाली ठेवली, मग थोडी ओढली. काठ बाभळीचा होता. मामाचा समुद्रकाठ गोट्यांचा, माझा तर कुठलाच नाही, आणि गुलाबभाऊंच्या वहाणा टायरच्या, त्यांना काटा म्हणजे काय ते आठवायचं कारण नव्हतं. होडी पाण्याला टेकायच्या आधीच हलका सुस्कारा ऐकू आला. मामाने कान लावला. लोक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तासाभराने आम्ही पुन्हा केळझरला, हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या टपरीसमोर होतो. टपरीवाल्याने आमचा तो पिवळा लोळागोळा सगळ्या बाजूंनी पाहिला.

"कोन्त्या गाडीची ट्यूब हाय हे?"

गाडीची नाही, नावेची, असं मामाने सांगितल्यावर त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली, जणू समुद्र आपल्याच नजरेतून सुटला असावा. पण काम मन लावून केलं. साबणाचा फेस फिरवून भोकं शोधली, प्रत्येकातून काट्याचं टोक चिमट्याने काढलं आणि ठिगळं लावली. मग त्याने विचारलं, गणपतीला भेटून गेला होता का. मामा म्हणाला, येताना भेटणार होतो.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. "जा आता भेटून या. तवरी सुकते."

आम्ही गेलो. मंदिराच्या टेकडीवरून दूरवर कपाशीची शेतं दिसत होती. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. इतकी वर्षं कपाशीच्या गावात राहून मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. मामाने उजव्या हाताने डावा हात उचलून नमस्काराला जोडला. तो काय मागत होता ते मला माहीत होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

मागची जागा

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही पाण्यावर गेलो. या वेळी कयाक गावातल्या चार जणांनी डोक्यावरून नेली.

दोन माणसांच्या कयाकमध्ये दोघंही पुढे तोंड करून बसतात. पुढे मामा, त्याच्या मांडीशी गळाची काठी आणि दोर गुंडाळायची चरखी. मागे मी, वल्हं घेऊन. मला तीन दिवस दिसली ती मामाची टोपी, त्याची मान आणि त्याच्या खांद्यांवरून पलीकडचं पाणी. धरणात बुडालेल्या झाडांची टोकं जागोजागी बाहेर आली होती आणि प्रत्येक टोकावर एकेक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. काठाच्या उथळ भागात कमळं. लांब जंगलाच्या बाजूला टेकड्या, अजून हिरव्या. एका टेकडीवर पांढरा झेंडा. नवीन जागी गेले की मी आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवते. लग्नाच्या हॉलमध्येही बघते. इथे दार नव्हतं, म्हणून मी झाडांची टोकं आणि झेंडा यांच्या रेषा मनात धरून ठेवल्या.

वल्हवणं अवघड नाही, हळू वल्हवणं अवघड आहे. जोरात गेलं तर पत्रा पाण्याच्या वर येतो, फार सावकाश गेलं तर बुडतो आणि शेवाळात अडकतो. मामाने सांगितलं, म्हैस पाण्यातून जाते त्या चालीने जा. मला म्हशीची चाल माहीत नव्हती. मग तो म्हणाला, काठीच्या टोकाकडे पाहा. टोक एका लयीत थरथरत राहिलं की वेग बरोबर. तासाभरात मला ते साधलं, आणि मग मन इतकं शांत झालं की मामा बोलायला लागल्यावर मी दचकले.

तो मामीबद्दल सांगत होता. मामी त्याच्यामागे बसायची. मासे तिला विशेष आवडायचे नाहीत, वल्हवायला आवडायचं. सॅल्मन लागला की लोक त्याचं अभिनंदन करायचे. मासा मात्र मागच्याच्याच हाताने लागतो, असं मामाचं म्हणणं. तिच्यानंतर तो एकटाच जायचा, झटका येईपर्यंत. मी हूं हूं करत होते. समोरासमोर बसून त्याने हे मला कधी सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर मी काहीतरी बावळट उत्तर दिलं असतं.

मग मान न वळवता तो म्हणाला, "तुले श्वेतानं पाह्यले पाठवलं ना?"

माझं वल्हं थांबलं. काठीचं टोकही.

"हो," मी म्हटलं.

"मंग नीट पाहाजो."

त्या दिवशी काही लागलं नाही.

वच्छलाबाईंच्या चुलीपाशी

गुलाबभाऊंच्या बायकोचं नाव वच्छलाबाई. त्या माझ्याशी बोलायच्या आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायच्या, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. पुण्यात काय करतेस, कॉम्प्युटरचं करत असशील. लग्न झालं नसेल, करशील. मासा खात नाहीस, तुमच्यात नाही खात. माझ्यासाठी त्यांनी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर वेगळ्या तव्यावर केली, मी न सांगता. मामासाठी झिंग्यांचा रस्सा होता. तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने पुन्हा वाढून घेतलं.

"हे पोट्टी बोलतच नाई," वच्छलाबाई मामाला म्हणाल्या. "मरळीवानी नुसती पाह्यते."

जेवताना गुलाबभाऊंनी मामाचा गळ मागून घेतला आणि बोटावर फिरवून पाहिला. आपल्याकडच्या गळाला टोकाजवळ उलटा दात असतो, मासा सुटू नये म्हणून. मामाच्या गळाला तो नव्हता. मामाने समजावलं की तिकडे काही जातींचे, काही काळातले सॅल्मन सोडून द्यावेच लागतात, तसा कायदा आहे. दात नसला की गळ लवकर निघतो, मासा जगतो. दोर मात्र सतत ताणलेला ठेवावा लागतो. क्षणभर ढिला पडला की मासा गेला.

"सोडाचाच हाय त धरता कायले?" गुलाबभाऊ म्हणाले. असला गळ आणि असला पत्रा, यावर या धरणात काही लागणार नाही, हे त्यांनी सकाळपासून गावात सांगून ठेवलं होतं.

वच्छलाबाई भाकरी उलटत म्हणाल्या, "तुमी नाई सोडत काय? लेकुरवाई कोन सोडते मंग?"

लेकुरवाई म्हणजे लेकुरवाळी, पिलं असलेली मरळ. इतर मासे अंडी टाकून निघून जातात, मरळ जात नाही. पिलं निघाली की शेकडो पिलांचा तांबूस घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. जवळ काही आलं की अंगावर धावतात. त्यामुळे अशी मरळ धरणं सगळ्यात सोपं. म्हणूनच इथे ती धरत नाहीत. चुकून लागली तर जिथे धरली तिथेच नेऊन सोडायची, दुसरीकडे सोडली तर पिलं तिला सापडत नाहीत आणि बाकीचे मासे त्यांचा फडशा पाडतात. आणि ज्याच्या हातून ती लागली, त्याच्या घरी त्या दिवशी मासा शिजत नाही. हे कुणी ठरवलं, असं मामाने विचारलं, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कुणी ठरवलं नव्हतं. तसंच होतं.

सुटलेला मासा

तिसऱ्या दिवशी मासा लागला. काठी एकदम वाकली, चरखी किरकिरली आणि मामाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला. ठरल्याप्रमाणे त्याने काठीचा दांडा डाव्या काखेत दाबला, डाव्या हाताने काठी धरली आणि उजव्याने चरखी फिरवायला लागला. मी होडी सरळ ठेवत होते. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन लटकत होता, पण वल्ह्याला दोन्ही हात लागतात, हे श्वेताताईच्या आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मासा वळला. मामाचा डावा हात काठीवरून सरकला, हळूच, झोपलेल्या माणसाचा हात खाटेवरून खाली सरकतो तसा. दोर ढिला पडला. काठी सरळ झाली.

मामाने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "काढला काय व्हिडिओ?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"काढाचा होता. हेच पाह्यचं होतं तिले."

घरी आल्यावर तो जेवला नाही. गुलाबभाऊ गळाला दात लावून देतो म्हणाले. मामाने मान हलवली. त्याला तसला मासा नको होता, किंवा या वयात नवी सवय नको होती, नक्की काय ते मला कळलं नाही. वच्छलाबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला, आत जाऊन जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी फाडून आणली आणि त्याचा डावा हात काठीवर ठेवून मनगटाशी कसा बांधायचा ते बांधून दाखवलं. मामाने गाठ ओढून पाहिली. पक्की होती.

"आता मासा सुटत नाई," त्या म्हणाल्या. "ओढलंच थ्यानं, त तुमी बी जासान पाण्यात." मामा दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

कमळांच्या कडेने

शेवटच्या सकाळी वारा नव्हता. मी पट्टी बांधून दिली. कमळांच्या कडेकडेने, बुडालेल्या झाडांच्या आतल्या बाजूने आम्ही जात होतो. पाणकावळा बसलेलं, दोन टोकांचं एक जोडझाड आणि टेकडीवरचा झेंडा एका रेषेत आले तेव्हा काठीला झटका बसला. कालच्यापेक्षा फार मोठा. होडीचं नाक वळलं.

मामाचे खांदे दिसत होते, उजवा हलत होता आणि डावा बांधलेला, ताठ. मासा खाली जाऊन कमळाच्या देठांत घुसू बघत होता, तो त्याला उघड्या पाण्याकडे वळवत होता. हे किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. माशाने आम्हाला चांगलंच लांब ओढत नेलं. मध्ये एकदा मामा धापा टाकत थांबला आणि त्याची मान लाल झालेली मला दिसली. थांबू या का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मग मासा वर आला, पाण्याशी आडवा झाला. मरळ. काळपट हिरवी, सापासारखं डोकं, माझ्या हाताएवढी लांब. डावा हात सुटला नव्हता. मासा होडीला टेकला.

"आता काढ," मामा म्हणाला. "फोन काढ. पकड दे माझ्याजवळ, गळ मी सोडवतो."

मी वल्हं आडवं ठेवलं, त्याच्या खिशातली पकड त्याच्या उजव्या हातात दिली आणि फोनची पिशवी उघडायला लागले. तेवढ्यात गुलाबभाऊंचा आवाज आला. ते आपल्या डोंग्यात, लहान लाकडी नावेत, जाळं काढत होते आणि आमच्याकडे न बघता मागे, आम्ही जिथून आलो त्या कमळांकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, मोठ्याने नाही, पाण्यावरून आवाज नीट येतो. "लेकुरवाई हाय थे. पिल्लं तिकडं रायली."

मी वळून पाहिलं. लांब, कमळांच्या कडेला, पाण्याचा एक तुकडा पाऊस पडत असल्यासारखा उकळत होता आणि बाकी सगळं पाणी स्थिर होतं. पत्रा त्या घोळक्यावरून गेला असणार. मरळीने भुकेने तोंड घातलं नव्हतं.

मामाने तिकडे पाहिलं, मग माशाकडे. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. पकड उघडी होती. परीक्षा संपायला एवढंच उरलं होतं, आणि गळ काढून, मासा होडीत घेऊन, व्हिडिओ काढून मग परत नेता आला असता. मरळ पाण्याबाहेर तग धरते, तेही त्याला माहीत होतं. पिलं आईवाचून तग धरत नाहीत. फोन माझ्या एका हातात होता, वल्हं मांडीवर.

"ठेव थे," मामा म्हणाला. "वल्हव."

मी वल्हवलं. म्हशीच्या चालीने नाही. मासा होडीच्या कडेला, पाण्यात, मामाच्या काठीला लटकलेला. पण ती जागा कुठली? उकळणारं पाणी तोवर विरलं होतं आणि कमळांची कड सगळीकडे सारखीच दिसत होती. मामा म्हणाला, इथेच कुठेतरी. गुलाबभाऊ दुसरीकडे हात दाखवत होते. मी म्हटलं, "नाही, अजून आत." गुलाबभाऊंनी हात खाली घेतला. जोडझाड झेंड्यासमोर येईपर्यंत मी गेले आणि थांबले. आमच्या खाली, हातभर अंतरावर, तांबूस पिलं सैरावैरा फिरत होती, आणि त्यांच्या कडेने दुसरी एक मोठी सावली घिरट्या घालत होती.

मामाने गळ काढायचा प्रयत्न केला. बांधलेल्या हाताने मासा धरता येईना आणि एका हाताने पकड लागेना. दोनदा पकड निसटली. मग त्याने काठी मागे झुकवली, मासा होडीच्या कडेने माझ्यापर्यंत सरकत आला आणि त्याने पकड खांद्यावरून मागे दिली.

मी आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. तो गार असेल असं मला वाटत होतं. पाण्याइतकाच कोमट होता, आणि आत नुसती ताकद होती. दात नसलेला गळ एका हिसक्यात निघाला. मी हात उघडला.

त्यानंतर

गुलाबभाऊंनी आधी येऊन सांगितलं असावं, कारण आम्ही पोचलो तेव्हा वच्छलाबाई बेसन कालवत होत्या. मामाची पट्टी त्यांनीच सोडली. मनगटावर लाल वळ उठला होता. बेसन, भाकर, कांदा. चौघं एकाच पंगतीत तेच जेवलो.

मग श्वेताताईचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती. मामाने फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही थांबा, आधी अनू सांगेल.

मी मामाकडे पाहिलं. तो हात धूत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सांग.

"मासा मामाने गळाला लावला," मी म्हटलं. "देठांतून वळवून होडीपर्यंत मामानेच आणला. हात सुटला नाही. होडी मी चालवली. मासा परत सोडायची जागा मी शोधली. गळ मी काढला. मामाला तो निघाला नाही. व्हिडिओ नाही, माझे हात मोकळे नव्हते."

सलग इतकं मी श्वेताताईशी आधी कधी बोलले नव्हते. मासा परत का सोडला, हे तिने विचारलं नाही.

"म्हणजे एकट्याला नाही जमलं," ती म्हणाली. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं.

"नाई जमलं," मामा म्हणाला. तो येऊन फोनजवळ मांडी घालून बसला. "घर काढ विकायले. मी येतो तुझ्याकडं. पण माझी नाव विकू नको. तुझ्या शहरात बी पाणी हाय."

"आणि तुमच्या मागे कोण बसणार, बाबा?"

वच्छलाबाईंचं भांडी घासणं थांबलं होतं. गुलाबभाऊ दारात बिडी न पेटवता उभे होते. मी मामाचा चेहरा पाहू शकत होते, समोरच होता, पण माझी नजर त्याच्या हातांवरच राहिली.

"तू बस," तो म्हणाला. "शिकवतो मी. हळू वल्हवाचं असते फक्त."

पलीकडे काही हलवल्याचा, कपाटाचं दार सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आईचं लाइफ जॅकेट मला होईल का?"

मामाने उजव्या हाताने फोन जवळ ओढला.

"होते," तो म्हणाला. "पट्टे आवळा लागतीन थोडे."